गाठोडी उघडण्याचं काम

९ फेब्रुवारी

काम माझ्या गळ्यात पडलं. म्हणजे मीच पुढे होऊन घेतलं आणि आता गळ्यात पडलं म्हणतो आहे.

आमचा पॅकेज मॅनेजर म्हणजे इतर प्रोग्राम आणून देणारा प्रोग्राम. कुणाला काही हवं असलं की तो मूळ लेखकाच्या जागेवरून सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, आणतो, उघडतो, त्यातून प्रोग्राम बांधतो आणि मशीनवर बसवतो. प्रत्येक प्रोग्रामसाठी आमच्याकडे एक छोटी कृती लिहिलेली असते: कुठून आणायचं, कसं बांधायचं. पण आजवर तो एकाच प्रकारचं गाठोडं उघडत आला. सगळं एका फोल्डरात भरलेलं आणि एका ठरलेल्या पद्धतीने दाबलेलं. लोक आता तसं कुठे देतात? कुणी झिप देतं, कुणी नव्या पद्धतीने दाबतं, कुणी गाठोडं न बांधता नुसता गिटचा, म्हणजे सोर्स जिथे साठवतात त्या जागेचा, पत्ता फेकतं, कुणी एकुलती एक फाइल ठेवून मोकळं होतं. आणि आम्ही दारात उभे राहून म्हणतो, आधी आमच्या पद्धतीने बांधून आणा. मंडळी मागच्या मागे निघून जातात. गेल्या वर्षी दोन प्रयोगशाळा गेल्या.

आता पाणी तपासणारी प्रयोगशाळा जायच्या बेतात आहे. शहराच्या पाण्यात क्लोरिन किती घालायचं याचा हिशेब करणारा त्यांचा प्रोग्राम आहे, आणि त्याच्या लेखकाने नवी आवृत्ती फक्त झिपमध्ये काढली आहे. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "तेही गेले तर आपला विभाग कशाला ठेवायचा, हे मला वर सांगता येणार नाही." बाई कधी आवाज चढवत नाहीत. त्यामुळे जास्त भीती वाटते.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आता तू जगाची गाठोडी सोडणार. स्वतःची बॅग प्रवासाहून आल्यावर आठ-आठ दिवस तशीच पडलेली असते ती?"

१३ फेब्रुवारी

सुरुवात बरी झाली. फाइलच्या नावाच्या शेवटी काय आहे ते पाहायचं आणि त्याप्रमाणे उघडायचं. सोपं. हे मी पाच वर्षांपूर्वीच का केलं नाही?

घरी ताई वैतागलेली. म्हणजे वैतागलेली असं ती म्हणाली. चेहरा तसा नव्हता. तिच्या ड्रायव्हिंग स्कूलमधले पशुवैद्य परत नापास झाले. पंचावन्नच्या आसपासचे गृहस्थ, विधुर, शहराबाहेर त्यांचं घर आणि दवाखाना आहे. ताईसारखी शिकवणारी असून हा माणूस गाडी मागे घेताना दर वेळी खांबाला जाऊन भिडतो. गाईच्या घशात कोपरापर्यंत हात घालणाऱ्याला रिव्हर्स जमू नये?

"नवरदेव आहेत अगदी," ताई म्हणाली, मग एकदम, "नवशिके, नवशिके म्हणायचं होतं मला," म्हणून स्वयंपाकघरात गेली. ताई दमते हल्ली. तिची जीभ कधी अशी घसरत नसे.

१८ फेब्रुवारी

वकिलाचे शेरे आले.

वकील म्हणजे आमच्या सगळ्या कामाची तपासणी करणारा. दुसऱ्या कुठल्या तरी शहरात बसतो. त्याच्या खात्यावर नाव नाही, तीन अक्षरं आहेत फक्त. उलटतपासणी घेतो म्हणून मी मनात वकील म्हणतो. दोन वर्षांत त्याने मला एक सरळ, पूर्ण वाक्य लिहिलेलं नाही. आजचे शेरे जसेच्या तसे:

"नावावर विश्वास?"

"नावात दोन टिंबं आली तर?"

"ओळखायचं कशाला?"

संपलं. मी तीन पानांचं टिपण लिहिलं होतं, आणि हे उत्तर!

चिडचिड झाली खरी, पण पहिले दोन मुद्दे बरोबर निघाले. एका लेखकाची साइट बंद होती. तिथून 'पान सापडले नाही' असं सांगणारं पान आलं, आणि आमच्या प्रोग्रामने त्या पानालाच झिप समजून उघडायला घेतलं, कारण नावाच्या शेवटी झिप लिहिलं होतं. आणि दोन टिंबांचं प्रकरण तर भयंकरच: मशीनला दोन टिंबं म्हणजे 'एक फोल्डर बाहेर जा'. कुणी गाठोड्यातल्या फाइलचं नावच असं ठेवलं, की उघडताना ती आमच्या फोल्डरच्या बाहेर शेजाऱ्याच्या घरात जाऊन पडेल, तर? शेजाऱ्याचं जे असेल ते पुसून तिथे बसेल. दोन्ही दुरुस्त केलं. आता फाइलच्या आतले पहिले बाइट, म्हणजे तिचा खरा प्रकार सांगणारी अक्षरं, पाहतो, आणि बाहेर पळणारी फाइल दिसली की काम थांबवतो.

तिसऱ्या शेऱ्याकडे लक्ष दिलं नाही. ओळखायचं कशाला म्हणजे? प्रोग्रामने आपणहून ओळखावं यातच तर गंमत आहे. माणसाला विचारत बसायचं तर मशीन कशाला?

२६ फेब्रुवारी

ताईने मला अंड्याची पोळी करायला लावली. मग वॉशिंग मशीनमध्ये पांढरे आणि रंगीत कपडे वेगळे का घालायचे ते सांगितलं. विजेचं बिल कुठून भरतात तेही. "तुला आलं पाहिजे," म्हणाली. मी म्हटलं, सध्या मला झिपमधल्या फायलींच्या परवानग्या का हरवतात तेवढंच आलं तरी पुरे. ती हसली नाही.

पशुवैद्य संध्याकाळी तिला सोडायला खालपर्यंत आले होते. म्हणजे गाडी ताईनेच चालवली असणार.

५ मार्च

गिट जमलं. एकट्या फायलीही जमल्या. राहिला तो झिपचा त्रास. काही लोक सगळं एका फोल्डरात घालून देतात, काही जण नुसतं पसरून ठेवतात, वरचा फोल्डर नाहीच. मी नियम केला: उघडल्यावर एकच फोल्डर दिसला तर त्याच्या आत जा, नाहीतर आहे तिथेच थांब. आमच्याकडच्या सगळ्या झिपांवर चालवून पाहिला. चोख. माझं मलाच कौतुक वाटलं.

वकिलाने लिहिलं, "आणि बाकीचं?"

बाकीचं काय? बाकीचं काही नाही. मी उत्तरच दिलं नाही.

१० मार्च

आज सकाळी चहाच्या वेळी मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. ताई समोर येऊन बसली. बराच वेळ कप फिरवत होती.

"डॉक्टरांनी विचारलं मला काल," ती म्हणाली.

"हं?"

"मी म्हटलं, नाही जमायचं."

"बरं केलंस," मी म्हटलं. "एकाच माणसाला किती वेळा शिकवणार? दुसरी काही कामं आहेत की नाहीत तुला?"

ती उठली. मग माझा अर्धा भरलेला कप उचलून घेऊन गेली. चहा संपला नव्हता, असं मी ओरडून सांगितलं तेव्हा तो बेसिनमध्ये ओतल्याचा आवाज आला.

१६ मार्च

एकदाचे पशुवैद्य पास झाले! तेही ताई बरोबर नसताना. परीक्षकाने म्हणे एकही चूक काढली नाही. आभार मानायला स्वतः वर आले. ताई स्वयंपाकघरात होती; मी हाक मारली तर म्हणाली, हात पिठात आहेत. गृहस्थ दारातच उभे राहिले. मी अभिनंदन केलं तर त्यांनी "हो, हो" म्हटलं, जणू कुणी सांत्वन करत होतं.

"तुमच्या ताई बऱ्या आहेत ना?"

"आत आहेत की. ठणठणीत."

"मग ठीक," म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

कणीक वगैरे काही मळलेली नव्हती. ताई न जेवता पडून राहिली. शिष्य पास झाला तर गुरूला आनंद व्हायला हवा. मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. डोकेदुखीची गोळी ठेवून आलो. सकाळी ती तिथेच होती.

२० मार्च

आमच्या पॅकेज मॅनेजरची नवी आवृत्ती दिली. पाणी-प्रयोगशाळेने क्लोरिनचा प्रोग्राम लगेच बसवून घेतला. बाईंनी स्वतः येऊन टेबलावर टिचकी मारली. त्यांच्यापुरती ती शाबासकी.

२३ मार्च

वाईट दिवस.

पाणी-प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञ बाईंचा सकाळी फोन. त्या रोज काम सुरू करण्याआधी एक ठरलेला नमुना तपासतात, ज्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं. आज सकाळी नवा प्रोग्राम पहिल्यांदा वापरायला घेतला आणि उत्तर चुकलं. नवा प्रोग्राम क्लोरिन कमी सांगत होता.

"आम्ही थांबवलंय सगळं. जुनी आवृत्ती चालू केलीय, पाण्यात काही गेलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण नमुना तपासायची पद्धत नसती तर मी तेच आकडे पुढे पाठवले असते. तुम्ही नक्की काय बसवलंत आमच्याकडे?"

दुपारपर्यंत सापडलं. त्यांच्या झिपमध्ये वर एकच फोल्डर आहे, आणि त्याच्या शेजारी सुटी ठेवलेली एक फाइल: क्लोरिनचा नवा तक्ता. माझा नियम फोल्डर मोजतो, सुट्या फायली मोजत नाही. एकच फोल्डर दिसला, नियम आत गेला, आणि तक्ता बाहेर राहिला. तक्ता सापडला नाही की तो प्रोग्राम तक्रार करत नाही; मुकाट्याने आपल्या पोटातला जुना तक्ता वापरतो. सगळं सुरळीत बांधलं गेलं. कुठे लाल अक्षर नाही, कुठे इशारा नाही.

आणि बाकीचं? असं त्याने विचारलं होतं.

मी आवृत्ती मागे घेतली आणि सगळ्या वापरणाऱ्यांना कळवलं. चूक माझी आहे असं लिहिलं, कारण होतीच. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "आठवडाभरात नीट होईल?" मी हो म्हटलं. त्या टिचकी न मारता गेल्या.

२४ मार्च

वकिलाला फोनवर बोलायची विनंती केली. कधी नव्हे ते. नंबर आला. मी लावला आणि पलीकडून 'हॅलो' येताच घाबरून बोलून गेलो, "नमस्कार वकीलसाहेब."

बाईमाणसाचा आवाज. "मी वकील नाही. साहेब तर मुळीच नाही. कोण हवंय आपल्याला?"

दोन वर्षं! मग आठवून पाहिलं. त्याने, म्हणजे त्यांनी, 'मी बघतो' असं कधीच लिहिलं नव्हतं. 'बघू' असायचं. 'चालणार नाही.' 'कशाला?' अशा वाक्यांतून बाई की बुवा, कसं कळावं?

मी नाव ठेवण्यामागची हकिकत सांगितली तेव्हा त्या इतक्या हसल्या की पलीकडे कुणी तरी बारीक आवाजात रडायला लागलं.

"उठली," त्या म्हणाल्या. "अहो, एका हातावर ही असते आणि एका हाताने मी लिहिते. म्हणून वाक्यं तेवढीच. तुमची टिपणं मात्र मी हिला झोपवताना मोठ्याने वाचते. मस्त झोपते. मला वाटायचं तुम्ही निवृत्त मास्तर असाल."

मग कामाचं बोलणं झालं. मी विचारलं, 'ओळखायचं कशाला' म्हणजे काय.

"म्हणजे अंदाज कशाला बांधायचा? कृती लिहिणाऱ्याला ठाऊक असतं ना गाठोड्यात काय आहे. त्यालाच विचारा. प्रकार कुठला, कुठल्या फोल्डरात शिरायचं, सगळं कृतीतच लिहायला लावा. आणि जे लिहिलंय ते समोरच्या गाठोड्याशी जुळलं नाही, किंवा काही बाहेर उरलं, तर गप्प बसू नका. थांबा आणि सांगा."

"पण मग प्रत्येक कृती बदलावी लागेल. लोक कटकट करतील."

"करू देत की. विचारल्याचा राग येतो तो थोडाच वेळ टिकतो," त्या म्हणाल्या. "न विचारता ठरवून टाकलेलं मात्र फार महागात जातं. आमच्या घरी विचारा."

त्यांच्या घरचं मी काही विचारलं नाही. पोर पुन्हा रडायला लागलं होतं.

२९ मार्च, रविवार

हे नीट लिहून ठेवलं पाहिजे.

सकाळी दूध आणायला खाली गेलो. फाटकासमोर दोन गाड्यांच्या मध्ये जेमतेम एका गाडीची जागा होती. एक निळी गाडी आली, थोडी पुढे गेली, आणि एका दमात मागे येऊन त्या फटीत अशी बसली, जशी म्यानात सुरी. ना खांब, ना धक्का. आतून पशुवैद्य उतरले. तळमजल्यावरच्यांच्या कुत्र्याला इंजेक्शन द्यायला आले होते.

मी दुधाची पिशवी धरून उभाच राहिलो. असं रिव्हर्स एका महिन्यात येत नाही.

"डॉक्टर," मी म्हटलं, "तुम्हाला गाडी येत होती."

ते कानापर्यंत लाल झाले. "पंचवीस वर्षं चालवली. मधे मदतनीस चालवायचा, तेव्हा लायसन कधी संपलं कळलंच नाही. परत काढायचं तर परीक्षा द्या म्हणाले. एक-दोन तास सराव करावा म्हणून स्कूलमध्ये गेलो. पहिल्या दिवशी तुमच्या ताई म्हणाल्या, तुमचे आरसे सगळे चुकीचे लावलेत. इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नव्हतं."

"म्हणून मुद्दाम नापास होत होतात?"

त्यांनी बॅगेचा पट्टा नीट केला.

"मग आता पास का झालात?"

"आता नापास होऊन काय उपयोग?" ते म्हणाले, आणि कुत्र्याकडे गेले.

मी जिन्यात अर्ध्यावर बसलो. 'डॉक्टरांनी विचारलं मला.' 'नाही जमायचं.' 'बरं केलंस.' ते मी म्हटलं होतं. लॅपटॉपमधून डोकं वर न काढता मी म्हटलं होतं!

वर गेलो. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"डॉक्टरांनी तुला काय विचारलं होतं?"

तिचे हात थांबले. "झालं ते. सोड."

"काय विचारलं होतं, ताई?"

"लग्नाचं." तिने माझा शर्ट दुसऱ्यांदा घडी केला. "या वयात. हसू नकोस."

"हसत नाहीये. नाही का म्हणालीस? माझ्यामुळे?"

"मग कुणामुळे? आई गेली तेव्हा तू शाळेत होतास. तेव्हापासून—"

"अगं, मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे आता!"

"पंचेचाळीस," ती म्हणाली.

मला राग आला, आणि लगेच लाजही वाटली, कारण तिचं बरोबर होतं. मी म्हटलं, बघ, मला अंड्याची पोळी येते, बिल भरता येतं, तूच शिकवलंस ना? मग शिकवलंस कशाला?

ती खाली बसली. "शिकवत होते तेव्हा जायचंच ठरवत होते मी. मग त्यांनी खरंच विचारलं, आणि मला भीती वाटली."

"माझी?"

"नाही रे. माझी. तुझं करायचं एवढंच मला येतं. तिथे जाऊन मी कोण असणार? नाही म्हणून आले, वाटलं तू तरी म्हणशील, जा. तू म्हणालास, बरं केलंस."

ती शिकवण्याबद्दल बोलतेय असं वाटलं होतं, हे सांगितलं. तिने आधी अविश्वासाने पाहिलं, मग पदराने डोळे टिपले आणि हसायला लागली. "अरे गाढवा," म्हणाली. "अरे, विचारायचंस ना एकदा!"

"डॉक्टर खाली आहेत अजून," मी म्हटलं. "कुत्रा मोठा आहे. धरायला वेळ लागेल."

"माझे केस बघ कसे झालेत."

"मग विंचर."

तिने विंचरले. चप्पल घातली, काढली, दुसरी घातली. दारात वळून म्हणाली, "काय सांगू जाऊन?"

"मला विचारू नकोस. माझे अंदाज चुकतात."

ती गेली. मी राहिलेल्या घड्या घातल्या. दूध उतू गेलं, गॅस पुसला. ती वर आली तेव्हा जळक्या दुधाचा वासही तिच्या लक्षात आला नाही. त्यावरून मला उत्तर कळलं. तरी विचारलं. "हो म्हटलं," ती म्हणाली.

२ एप्रिल

झालं. प्रत्येक कृतीत आता प्रकार आणि फोल्डर लिहावाच लागतो. काही बाहेर उरलं तर बांधणी थांबते आणि काय उरलं ते नावानिशी सांगते. दिवसभरात कटकटीची भरपूर पत्रं आली. त्यातल्या दोघांनी संध्याकाळी परत लिहिलं, की या तपासणीमुळे त्यांच्या जुन्या गाठोड्यांत हरवलेल्या फायली सापडल्या.

वकीलबाईंचा शेरा: "छान." एका हाताने लिहिलेला असला तरी मला पुरला.

७ एप्रिल

रसायनतज्ज्ञ बाईंचा फोन. ठरलेल्या नमुन्याचं उत्तर सलग बरोबर येतंय. प्रयोगशाळा आमच्याच पॅकेज मॅनेजरवर राहणार आहे. "पण नमुना मी रोज तपासणारच," म्हणाल्या. मी म्हटलं, तपासाच.

विभागप्रमुख बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षापर्यंत तरी आपण आहोत. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी.

२४ एप्रिल

नोंदणी कार्यालयात ताईचं लग्न झालं. साक्षीदार म्हणून मी सही केली. पेनची शाई फुटली, बोटं निळी झाली. ताईने नेहमीप्रमाणे पर्समधून रुमाल काढला, माझ्याकडे पाहिलं, आणि तो डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांचीही बोटं निळी होती. मी शर्टाला पुसली. शर्ट गेला.

त्यांना भाऊजी म्हणायला अजून जीभ वळत नाही. ते मला "अहो" म्हणतात. चाललंय.

३० एप्रिल

घर ठीक आहे. मी ठीक आहे. जेवणही ठीक होतं. ताईची खोली झाडून घेतली, टेबल तिथे हलवायचा विचार होता, पण तिथे उजेड कमी आहे म्हणून राहू दिलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. काय खाल्लंस? खरं ते सांगितलं: भात खालून करपला, वरून कच्चा राहिला, मधला तेवढा खाल्ला. ती इतकी हसली की पलीकडून भाऊजी विचारायला आले काय झालं म्हणून. मागे गाय हंबरत होती, कुणी तरी लोखंडी बादली ओढत होतं. तिच्या घराचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. त्या गाईला काल रात्रीपासून कळा येतायत, ताई सांगत होती, आणि टॉर्च धरून उभं राहायला त्यांनी मला शिकवलंय असं ते म्हणतात, पण खरं तर कुठे धरायचा हे मीच त्यांना सांगते.

मला ऑफिसात नुकत्याच हाती घेतलेल्या कामाबद्दल सांगायचं होतं. सुरुवातही केली.

"अरे, थांब, ते बोलावतायत," ताई म्हणाली. "ठेवते हं."

आणि तिने फोन ठेवला. आजवर तो नेहमी मीच आधी ठेवत आलो होतो.